देव पाणी पितो

सोलापूर, ७ एप्रिल

आबा,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतंच आबा.

पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही आधी ओरडता, मग गळा काढता, आणि शेवटी माझा गुणी भाऊ बिरुदेव तुमच्या हातातनं फोन ओढून घेतो. कागदाला मधेच तोडता येत नाही. वाचून झाल्यावर खुशाल चुलीत घाला, पण आधी वाचा.

परवा रविवारी मी आपल्या शिवारात आले होते. तीन वर्षांनी. ठरलेलं लग्न मोडून नोकरीला चाललीस तर ही पायरी परत चढू नको, म्हणाला होतात. काळजी करू नका, पायरी चढले नाही. माझं काम रस्त्याच्या कडेनंच होतं. तुम्ही बागेच्या ताटीपाशी उभे होतात आणि मला बघून डाळिंबात शिरलात. पाठमोरा माणूस ओळखायला येत नाही असं वाटलं का तुम्हाला? जन्मभर ती पाठ बघत आले आहे.

तुम्ही गावात सांगत फिरता म्हणे, "पोरगी सोलापुरात नळ जोडती." नळ जोडत नाही, आबा. पाइपातनं पाणी किती चाललंय ते मोजते, पाइप न कापता. बाहेरनं रंग खरवडायचा, बोटभर चिकट जेल लावायचं आणि पट्ट्यानं दोन डब्या आवळायच्या. एक डबी आवाज सोडते, दुसरी ऐकते, मग उलटं. ओढा भरून वाहत असला की धारेबरोबर पोहणारा लवकर पोचतो आणि धारेच्या उलट येणाऱ्याला वेळ लागतो. आवाजाचंही तसंच होतं. त्या फरकावरनं पाण्याचा वेग कळतो आणि वेगावरनं पाणी.

आमच्या कंपनीला बोलावलं कशासाठी, ते तर तुम्हाला माहीतच आहे. मोठ्या टाकीजवळचं मीटर सांगतं की टेकवस्तीसाठी पाणी रग्गड सुटतंय. पाणीपुरवठ्याचे साहेब लोक त्या आकड्यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, पाणी जातंय की, टँकर कशाला? होळीपासून टँकर बंद. आणि वस्तीवर नळाला करंगळीएवढी धार, तीही चार हंडे भरेस्तोवर. मग मधल्या मधे पाणी जातंय कुठं, हे शोधायला मी.

वाटेतल्या प्रत्येक चेंबरमध्ये उतरले. एकात मेलेली घूस फुगून पडली होती. एकात दारूच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, आणि कुणी तरी तिथंच बसूनही गेलेलं. नाकाला ओढणी बांधून मोजलं. त्या घाणीचं मला काही वाटत नाही, संध्याकाळी साबणानं जाते.

आपल्या बागेच्या अलीकडच्या चेंबरमध्ये मोजलं, मग पलीकडच्या. दोन्हींच्या मधे, बरोबर लाईनीच्या डोक्यावर, बिरोबा. माझ्या लहानपणी तिथं एक वेडी बाभळ होती. देव नव्हता.

तिथंच गोजाआत्या भेटली. आई गेल्यावर जिनं मला पोटाशी धरून वाढवलं, ती तुमची सख्खी बहीण. टेकवस्तीवरनं उन्हात चालत आली होती. पदराखाली झाकून तांब्याभर पाणी आणलं होतं. देवाला भंडारा लावला, घंटी वाजवली आणि ते पाणी देवावर घातलं. सगळं. स्वतःला घोटभर ठेवलं नाही. पाणी मातीत गपकन जिरलं तशी हसली.

"बगितलंस का? देव पाणी पितो. सगळी वस्ती म्हणती. तुज्या आबाच्या सपनात आला गं, म्हणला मला हितं बसीव. मी तांब्याभर घालते, त्यो आमाला भरून दील की."

देवाच्या भोवती हिरवंगार गवत होतं. एप्रिलात. माळावर बाकी सगळीकडं कुसळं. आत्या म्हणाली, "सत्त्व हाय बग त्याचं." मी मान हलवली.

मला एवढंच सांगा. अख्ख्या माळावर देवाला दुसरी जागा दिसली नाही का? आणि एका दगडाला बसवायचं होतं तर त्याच्या आदल्या आठवड्यात तिथं लोकांनी बघितलेला जेसीबी काय करत होता?

यंत्रानं काय दाखवलं ते आज लिहीत नाही. तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

सुकन्या


सोलापूर, ११ एप्रिल

आबा,

उत्तर मागितलं तर डाळिंबाची पेटी आली.

वा. काय उजेड पाडलात! टेंपोवाला साखर पेठेतल्या खोलीवर आणून देऊन गेला, वर "आबांनी पोरीला गोड खायला पाठवलंय" म्हणाला. घरमालकीणबाईंनी लगेच एक फोडलं, किती लालबुंद गं, म्हणाल्या. त्यांच्या बोटांवरनं रस गळत होता. मी मोरीत जाऊन ओकले. पेटी तशीच जिन्याखाली पडली आहे, आता त्यावर चिलटं बसतात. घ्या, तुमच्या गोडाचं हे झालं.

त्याच दिवशी बिरुदेवचा फोन. "ताई, मशीनची बी चूक हुती की. हवा आली म्हणून लिही, हाय काय न् न्हाय काय."

होते ना, मशीनची चूक होते. पाइपात हवा असली, पाइप अर्धवट भरलेला असला, वळणाच्या अगदी जवळ डबी लावली, की आकडा नाचतो. म्हणून तर मी सरळ जागा धरून, पाइप भरलाय याची खात्री करून, परत परत मोजलं. आता ऐका. अलीकडच्या चेंबरमध्ये जेवढं पाणी आहे, त्याच्या निम्म्याच्या आत पलीकडं पोचतं. मधे ना गाव, ना फाटा, ना व्हॉल्व्ह. मधे फक्त तुमचा देव. देव पाणी पितो, हे वस्ती खरंच म्हणते. कुणाच्या नरड्यानं पितो ते तिला माहीत नाही.

तुम्हाला वाटत असेल, पोरीनं लगेच बोंब ठोकली असेल. नाही ठोकली. मी डब्या काढल्या, जेल पुसलं आणि आमच्या महादेवप्पा साहेबांना सांगितलं, पाइप गंजलाय, आकडा धरत नाही, परत यावं लागेल. तुमच्यासाठी खोटं बोलले. शेण खाल्ल्यासारखं वाटलं, अजून ती चव जात नाही.

साहेब अक्कलकोटाकडचे. त्यांच्या डोळ्यांतनं काही सुटत नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, "घरचं हाय काय?" मग स्वतःच म्हणाले, "एन माडोदु, काय करायचं सांग. हवा लिहून टाकू. समदे हवाच लिहितेत." चांगला माणूस आहे, आबा. माझ्या आजारपणात डबा पाठवणारा माणूस. त्या घटकेला मला त्यांच्या शेजारी बसवेना. मी म्हटलं, दहा दिवस द्या.

आणि भंडाऱ्याचं काय ते बोला. आत्यानंच सांगितलं मला. गेल्या साली पाणी कमी झालं तेव्हा वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी लाईनीवरच्या सगळ्या बागायतदारांना त्या देवापाशी बोलावलं. भंडारा उचलून सांगा, कुणी पाणी घेतलं नाही. सगळ्यांच्या आधी तुम्ही पुढं झालात. मूठ भरून भंडारा उचललात, कपाळाला लावलात. पायाखाली तुमचाच फाटा, बागेकडं चोरून वळवलेला पाइप. आत्या म्हणते, "माज्या भावानं, येडूनं, भंडारा उचाललाय. त्याच्यावर सौंशय घेईन तर माजी जीब झडंल." तुमची नाही झडली, आबा. शी! मला लिहिताना शिसारी येते. चोर मी पाहिलेत, या कामात रोज पाहते. पण चोरीवर देव बसवून त्याच्याच अंगावर भंडारा उधळणारा माणूस मी माझ्याच घरात पाहायचा होता. आणि पाणी कुणाचं घेतलंत? दुष्काळात स्वतः ताक पिऊन तुम्हाला दूध पाजणाऱ्या बहिणीचं.

आता कामाचं. पुढच्या रविवारी, एकोणीस तारखेला, आत्या सगळी शेरडंमेंढरं घेऊन सांगोल्याच्या बाजाराला निघाली आहे. सगळी. "मुकी जितराबं तान्हेनं वरडत्यात, बगवत न्हाई," म्हणते. जितराबं गेली की वस्तीवर तिचं काय उरलं? टेंभुर्णीला जावेच्या लेकाकडं पडवीत जाऊन राहणार आहे. तिला विचारलं मी, तिथं करमंल का? म्हणाली, "मेंढराबिगर मला कुटंच करमनार न्हाई. मग हितं काय न् तितं काय."

ज्यानं देव बसवला त्यानंच तो उठवायचा, हा आपलाच रिवाज. दुसऱ्या कुणी हात लावला तर गाव त्याचा हात ठेवणार नाही. तुम्ही हे चांगलं ओळखून होतात, म्हणूनच तिथं झाकण न घालता देव घातलात. पण मग उठवणंही तुमच्याच हातात आहे. बुधवारपर्यंत उठवा. नारळ फोडा, परत सपान पडलं म्हणून सांगा, काय सांगायचं ते सांगा, त्यात तुमचा हात कोण धरणार! फाटा बंद करा. मी बुधवारी येऊन परत मोजीन. आकडे जुळले तर जुळले असंच लिहीन आणि जन्मात कुणाला बोलणार नाही.

रविवारच्या आत, आबा. आत्या बाजाराला निघायच्या आत.

सुकन्या


सोलापूर, १६ एप्रिल

आबा,

काल मोजलं. काही बदल नाही. उलट थोडं जास्तच जात होतं. ऊन वाढलं, फळ धरलंय, बागेला पाणी जास्त लागत असणार.

देवावर नवीन ध्वज मात्र लावलेला दिसला. आणि भोवतीनं चुन्याची रेघ. पोरगी येऊन गेली म्हणून तुम्ही देवाची राखण वाढवलीत!

तुमचं रेकॉर्ड केलेलं बोलणं मोबाइलवर आलं ते चेंबरच्या काठावर बसून ऐकलं. ठरल्याप्रमाणे आधी ओरडलात. "बापाच्या गळ्याला हात घालाय लागलीस व्हय?" मग रडलात. "ही बाग मी तुज्याच लग्नासाटी धरलीया गं." एकदा ऐकलं, पुसून टाकलं. लग्न तर मी मोडलं होतं, त्यावरनं घराबाहेर काढलंत, आणि आता चोरीच्या पाण्याला माझ्याच लग्नाचं नाव? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पुढं म्हणालात, "गोजीला मी दोन टँकर पाठवतो, तिला कमी पडू देत न्हाई." तिचंच पाणी तिला टँकरनं. वर उपकार. तिनं दारात ओवाळावं तुम्हाला, असंच ना?

एक क्षणभर मला माया आली होती, खोटं कशाला बोलू. तुमचा आवाज थकलेला वाटला. पण ते टँकरचं ऐकलं आणि सगळी माया पार आटली.

अहवाल दिला. आमच्या अहवालात नाव लिहायला रकाना नसतो. जागा लिहायची असते, अलीकडच्या चेंबरपासून इतक्या अंतरावर पाण्याची घट. मी अंतर लिहिलं. महादेवप्पा साहेबांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि एवढंच म्हणाले, "हवा नको म्हणतीस?" मी म्हटलं, नको. त्यांनी सही केली.

शनिवारी सकाळी खोदायला येणार आहेत. अजूनही वेळ आहे. तुम्ही स्वतः येऊन देव उठवलात तर निदान आत्यापुढं तरी चार शब्द बोलता येतील तुम्हाला.

सुकन्या


टेकवस्ती, २४ एप्रिल

आबा,

पत्ता वाचून दचकू नका. सुट्टी काढून आत्याकडं राहिले आहे.

शनिवारी तुम्ही आला नाहीत. ताप आलाय, असा निरोप पाठवलात. बिरुदेव बांधावर उभा राहून मोबाइलमध्ये शूटिंग करत होता, देवाला कोण हात लावतंय ते गावाला दाखवायला. काय घडलं ते त्यानं सांगितलं असेलच, पण त्याच्या जिभेनं. माझ्या हातचं वाचा.

जेसीबीवाल्यानं देव बघितला आणि चावी काढून खिशात टाकली. "मला पोरंबाळं हायती," म्हणाला. साहेब लोक गाडीतनं उतरेचनात. वस्तीतली माणसं जमली आणि तीच आडवी आली. ज्यांच्या नळाला पाणी नाही, तीच! तुम्ही असतात तर हसला असतात. आत्या तर येऊन देवाला टेकून बसली. "माज्या भावानं बसीवलाय. त्यो यिऊ दे. तवर कुनी पुढं यायचं न्हाई." तुमच्या फाट्यावर बसून ती तुमचीच वाट बघत होती, आबा. उन्हात.

मग तुमच्या तापाचा निरोप आला. आत्यानं माझ्याकडं बघितलं. "सुकन्या, तू खोटं बोलायची न्हाईस. काय हाय ह्या देवाखाली?"

सगळ्यांपुढं मला ते बोलवेना. तुमची लाज नव्हती हो ती, तिच्या तोंडाकडं बघवेना. लाईनमनकडं लोखंडी सळई असते, गळती ऐकायची. एक टोक जमिनीला लावायचं, दुसरं कानाला. ती मागून घेतली, देवाच्या पायाशी रोवली आणि आत्याच्या हातात दिली. "तूच ऐक," म्हटलं.

तिनं कान लावला. पुष्कळ वेळ लावून बसली. मग सळई उचलून बागेच्या बाजूला रोवली, परत ऐकलं. आणखी पुढं रोवली. म्हातारी वाकून वाकून तुमच्या ताटीपर्यंत गेली, आणि मागं सगळी वस्ती. ताटीपाशी तिनं सळई टाकून दिली आणि बिरुदेवकडं बघितलं. त्यानं मोबाइल खाली केला.

मला वाटलं, आता शिव्या देईल, ऊर बडवेल. काही नाही. परत देवापाशी आली. भंडारा घेतला, देवाला लावला, स्वतःच्या कपाळाला लावला.

"बा बिरोबा, तुजा काय गुन्हा न्हाई. तुला चोरीच्या राखनीला बसीवलं. मी आनि माज्या हातानं तुला पानी घालून घालून..."

वस्तीतला एक म्हातारा म्हणाला, "गोजाबाई, बसीवनाऱ्यानंच उठवाय पायजे."

"मी बी त्याच घरची हाय," आत्या म्हणाली. "त्यो आनि मी एकाच पोटातनं आलोया. त्याचा हात न्हाई उठला, माजा उठंल."

घोंगडी पसरली आणि एकटीनं तो दगड हलवून घोंगडीत घेतला. मी पुढं झाले तर म्हणाली, "तू र्‍हाऊ दे." मग मात्र माणसं धावली. चौघांनी घोंगडीची टोकं धरली.

जेसीबीनं एकच बकेट मारली. खाली तुमचा काळा पाइप होता, मनगटापेक्षा जाड, बागेकडं वळलेला, आणि सांध्यातनं गळणारं पाणी. त्या गळतीवरचं ते हिरवं गवत. एका बाईनं ते गवत मुठीनं उपटलं आणि खड्ड्यात थुंकली. मग दुसरी थुंकली. ओळीनं सगळ्याच. मीही थुंकले. हे बिरुदेवनं शूट केलं नसणार.

फाटा बंद झाला. पलीकडच्या चेंबरमध्ये डब्या आवळून मी परत मोजलं, दोन्हीकडचे आकडे जुळले. संध्याकाळी टेकवस्तीच्या नळाला पाणी आलं. आधी नुसती हवा आली, भसभस आवाज करत, मग गढूळ, मग चांगली मनगटाएवढी धार. मेंढरं दावी तोडून आली हो त्या आवाजाला. रविवारी आत्या बाजाराला गेली नाही.

आता शेवटचं, आणि ह्यासाठीच आज लिहायला बसले आहे.

देव आत्यानं स्वतःच्या अंगणात बसवला, उघड्यावर. पहिल्या पाण्यानं त्याला अंघोळ घातली. मग घासून लख्ख केलेला एक तांब्या भरला, वर फुलपात्र पालथं घातलं आणि दाराच्या आत ठेवला. मला वाटलं देवासाठीच. रोज सकाळी आधीचं पाणी मेंढरांना घालते आणि ताजं भरून ठेवते. मी काल विचारलं, कुणासाठी गं?

"येडूसाटी. आज ना उद्या यील की. भावाला दारातनं तान्हेला कसा परत लावू?"

मला इतका संताप आला की तो तांब्या लाथेनं उडवून द्यावासा वाटला. तिला म्हटलं, त्यानं तुझी जितराबं मारायला घेतली होती. म्हणाली, "म्हाईत हाय. समदं म्हाईत हाय. पर तू त्याला कळीव, पानी भरलेलं हाय."

तिनं सांगितलं म्हणून कळवते. माझी विचाराल तर मला तुमची किळस येते आणि ती जाईल असं वाटत नाही. तुम्ही आलात तर मी मागच्या दारानं निघून जाईन. पण ती तांब्या तुमच्या हातात देईल, तुमच्या समोर बसेल, वारा घालेल, आणि तुम्ही शेवटचा घोट घेईपर्यंत तुमच्या तोंडाकडं बघत राहील.

जमत असेल तर या, आणि पिऊन दाखवा.

सुकन्या